लांबलेल्या हिवाळ्यात भुरभुर बर्फाचा आनंद कसा घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून मिनियापोलिसला आल्यापासूनचा हा तिसरा हिवाळा. पहिल्या वर्षी बर्फाचं अप्रूप होतं, फोटो काढून घरी पाठवून झाले. आता फेब्रुवारी आला तरी खिडकीबाहेर तेच पांढरं. हलका बर्फ पडायला लागला की शेजारीण हसत बाहेर येते आणि तुम्हाला मात्र फावडं, ओले बूट, घसरडा रस्ता एवढंच दिसतं. ‘या बर्फात आनंद घ्यायचा म्हणजे नेमकं करायचं तरी काय?’ असं तुम्ही विचारलंय. शिवाय पुढच्या आठवड्यात आई येणार आहेत, त्यांना अशा दिवशी बाहेर न्यावं का, हाही प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की बर्फ ओळखायला शिका, आनंद त्याच्या मागोमाग येतो. मिनेसोटात हवामान-निरीक्षणाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बर्फ मोजणं आणि हौसेने मोजू पाहणाऱ्यांना ते शिकवणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. शिकायला येणाऱ्यांत हिवाळ्याला कंटाळलेले पुष्कळ असतात. ‘मन प्रसन्न ठेवा’ असं मी त्यांना सांगत नाही, त्या सल्ल्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. हातात मोजपट्टी देते आणि बाहेर नेते.

नाशिकच्या माणसाला पाऊस ओळखायला शिकवावं लागत नाही. मेमधला वळीव, आषाढातली झड, श्रावणातली ऊन-पावसाची सर, द्राक्षं ऐन भरात असताना येऊन पोटात गोळा आणणारा अवकाळी. या प्रत्येकाशी आपलं नातं वेगळं असतं. अवकाळीचा राग आपण श्रावणसरीवर काढत नाही. बर्फाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच होऊन बसतं. हिमवादळाचा, ब्लॅक आइसचा (रस्त्यावरचा डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर), हाडं गोठवणाऱ्या वाऱ्याचा सगळा राग एखाद्या संध्याकाळी निवांत पडणाऱ्या दोन इंचांवर निघतो.

म्हणून आधी फरक पाहू. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा आणि मार्च-एप्रिलचा बर्फ बहुधा ओला आणि जड असतो. जानेवारीत कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताकडून वेगाने येणाऱ्या छोट्या प्रणाली, ज्यांना इथे ‘क्लिपर’ म्हणतात, त्या थोडा कोरडा, पिठूळ बर्फ टाकतात आणि जाताना मागे बोचरा वारा आणि कडाका सोडून जातात. ब्लिझर्ड हे तर वेगळंच प्रकरण. ते किती बर्फ पडला यावर ठरत नाही. ताशी ३५ मैल किंवा त्याहून जास्त वारा आणि पाव मैलाच्या आत आलेली दृश्यमानता, हे दोन्ही किमान तीन तास टिकलं की ब्लिझर्ड. म्हणजे जमिनीवर आधीच पडलेला बर्फ नुसता उडाला तरी ब्लिझर्ड होऊ शकतं. त्या दिवशी घरात बसायचं, त्यात आनंद शोधण्याची काही गरज नाही.

तुमच्या शेजारणीला ज्याने बाहेर ओढलं तो बर्फ यापैकी कुठलाच नाही. वारा जवळजवळ नाही, आभाळ एकसारखं राखाडी, तापमान शून्याच्या खाली पण फार खोल नाही, आणि कण सरळ, सावकाश खाली येत आहेत. मिनेसोटात राहूनही ज्याकडे अनेकांचं लक्ष जात नाही अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. अशा दिवशी हवा बहुतेक वेळा आजूबाजूच्या दिवसांपेक्षा उबदार असते. इथल्या सगळ्यात जीवघेण्या रात्री निरभ्र असतात. आभाळ मोकळं असलं की जमिनीतली उष्णता थेट वर निघून जाते. ढग आले की ते ती उष्णता शोषून तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतात. निळंशार आकाश आणि लखलखीत ऊन बघून आपण भुलतो, पण जानेवारीत ते ऊन बरेचदा उणे वीस सेल्सिअसचं असतं. हलका बर्फ पडतोय याचा अर्थ थंडीने थोडी उसंत दिली आहे. हे एकदा ध्यानात आलं की ‘बर्फ पडतोय, घरातच बसू’ हा आपला हिशेबच उलटा होतो. बाहेर पडायचा दिवस तोच असतो.

आता तो कण बघा. ढगात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतात. धुळीच्या एखाद्या कणाच्या आधाराने एखादा थेंब गोठतो, आणि मग आजूबाजूच्या थेंबांतली वाफ त्याच्याकडे ओढली जाते. थेंब विरत जातात, स्फटिक वाढत जातो. हजारो थेंब विरून गेल्यावर तुमच्या बाहीवर एक कण टेकतो. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी मांडणीत बसतात म्हणून त्याला सहा बाजू. एका कणाच्या सहाही भुजा बऱ्याच सारख्या दिसतात, कारण त्या सगळ्या एकाच वाटेने, एकाच थंडीतून आणि एकाच ओलाव्यातून आल्या. कणाचा पडण्याचा वेग साधारण सेकंदाला एक मीटर. दोन किलोमीटर उंचीच्या ढगातून निघालेल्या कणाला तुमच्यापर्यंत यायला अर्धा तास लागतो. तुम्ही चहा ठेवायच्या आधीच तो निघालेला असतो.

आकार मात्र ढगातल्या तापमानावर ठरतो. हे नीट उलगडलं ते जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या उकिचिरो नाकाया यांनी. १९३६ साली त्यांनी प्रयोगशाळेत पहिल्यांदा हिमस्फटिक वाढवला, तोही सशाच्या केसावर. कारण इतर धाग्यांवर नुसतं गोठलेलं दहिवर जमायचं, स्फटिक सुटा वाढत नसे. उणे दोनच्या आसपास पातळ चकत्या, उणे पाचच्या आसपास सुया आणि नळ्या, उणे पंधराच्या आसपास फांद्याफांद्यांचे मोठे तारे. त्यांच्या या आराखड्यामुळे जमिनीवरचा माणूस हातातला कण बघून वरच्या ढगातल्या हवेचा अंदाज बांधू शकतो. मला या कामातली ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते, आजही. फुगा सोडलेला नाही, विमान नाही, आणि दोन किलोमीटरवरची बातमी हातमोज्यावर.

त्यांच्याही आधी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावी, विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकेकट्या हिमस्फटिकाचा फोटो काढला. पुढे आयुष्यभरात असे पाच हजारांवर फोटो. काळ्या फळीवर कण झेलायचा, काडीने हळूच उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने दाबून सपाट करायचा, श्वास रोखायचा, कारण उच्छ्वासानेही तो वितळतो. घरी गाई होत्या, दूधदुभत्याचं काम होतं, आणि व्हरमाँटचा हिवाळा मिनेसोटाइतकाच चिवट. तो माणूस बर्फ पडायची वाट बघत असे. हिवाळा लांबला तर त्याला जास्त कण मिळत.

तुम्हाला कॅमेरा नको. काळ्या फेल्ट कापडाचा तुकडा एका पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तो बाहेर, आडोशाला ठेवून द्या, म्हणजे तो आधीच गार राहील. घरातला उबदार कागद बाहेर नेलात तर कण टेकताच पाणी होईल. दहा पटीचं छोटं भिंग घ्या, दागिने तपासायला वापरतात तसलं. मुलगा दुसरीत आहे म्हणता, त्याला वहीत रोज फक्त एवढंच लिहू द्या: आज तारे, आज सुया, आज मऊ गोळ्या. गोळ्या म्हणजे ज्यांच्यावर थेंब आदळून गोठत गेले आणि मूळ आकार झाकला गेला ते कण. शून्याच्या जवळपासच्या हवेत अनेक तारे एकमेकांत अडकून मोठाले पुंजके होतात. ते दिसायला फार सुंदर, पण भिंगाखाली गुंता. भिंगासाठी उणे पाच ते उणे बारा अंशांचा, वारा नसलेला दिवस उत्तम.

फावड्याचं काय, हा तुमचा खरा अडसर आहे असं मला प्रश्न वाचताना वाटलं. मिनियापोलिसचा नियम असा की एका किंवा दोन कुटुंबांच्या घरासमोरचा फुटपाथ बर्फ थांबल्यानंतर २४ तासांत साफ व्हायला हवा. पडत असताना नव्हे, थांबल्यानंतर. दहा इंच पडणार असतील तर मध्ये मध्ये काढावंच लागतं, नाहीतर पाठ धरते. पण दोन इंचांच्या भुरभुर बर्फात तो पडत असताना फावडं घेऊन उभं राहायचं कारणच नाही. ते तास तुमचे आहेत. आणि तो काढायलाही जड नसतो. थंड, कोरड्या हवेतला बर्फ वीस इंच वितळवला तर जेमतेम एक इंच पाणी होतं. अशा दोन इंचांच्या थराचं वजन एका चौरस मीटरला अडीच किलोच्या आसपास. ओल्या बर्फात हेच वजन तिप्पट होऊ शकतं. कोरडा बर्फ उचलायचा नाही, ढकलायचा. फक्त त्यावरून गाडी नेऊ नका आणि चालू नका, दाबला गेला की तो तळाला चिकटून बसतो.

फावड्याआधी तो मोजा. हा सल्ला मी सगळ्यांना देते आणि मनापासून देते. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडची फळी पांढऱ्या रंगाने रंगवा. पांढराच, कारण गडद फळी ढगाळ दिवशीही उजेड शोषून तापते आणि खालचा बर्फ वितळतो. घरापासून, झाडांपासून दूर, उघड्यावर, पण वारा कमी लागेल अशा जागी ती ठेवा आणि जागा कळावी म्हणून शेजारी काठी रोवा. इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचता येईल अशी पट्टी उभी धरून मोजा, आकडा लिहा, फळी झाडून पुन्हा नव्या बर्फावर ठेवा. बस. अमेरिकेत हे काम सामान्य नागरिक करतात आणि ते खरोखर उपयोगी पडतं. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये अचानक पूर आला, तेव्हा शहराच्या एका भागात पावसाने कहर केला होता आणि काही मैलांवर तो फारच कमी होता. त्यातून १९९८ साली ‘कोकोराज’ हे हौशी निरीक्षकांचं जाळं उभं राहिलं, आज ते देशभर आहे. रोज सकाळी सातच्या सुमाराला लोक आपल्या अंगणातला पाऊस-बर्फ मोजून कळवतात आणि हवामान खात्याचे पूर्वानुमान करणारे ते आकडे बघतात. तुमच्या अंगणातले १.८ इंच आणि विमानतळावरचे २.४ इंच, या दोन्ही आकड्यांना अर्थ आहे.

मोजण्याने आनंद कसा येतो, हे मी समजावून सांगू शकेन असं नाही, पण येताना पाहिलं आहे. ज्याला कालपर्यंत ‘पुन्हा बर्फ’ वाटायचं, तो पहाटे उठून पडद्याआडून बघतो की फळीवर किती साठला. वाट बघणं सुरू होतं.

आता कान. ताजा, भुसभुशीत बर्फ बहुतांशी हवाच असतो. कणांच्या मधल्या पोकळ्यांमध्ये आवाज शिरतो आणि तिथेच विरतो. त्यामुळे दूरच्या हायवेची घरघर खरंच कमी होते, तो मनाचा खेळ नाही. हा परिणाम काही तासच टिकतो. वाऱ्याने किंवा उन्हाने पृष्ठभाग कडक झाला की तोच बर्फ आवाज परतवू लागतो. म्हणून पडत असताना किंवा थांबल्यावर लगेच चालायला जा, दुसऱ्या दिवशी दुपारी नको. लेक हॅरिएटभोवतीची चालायची वाट हिवाळ्यातही साफ केली जाते, मला ती संध्याकाळी आवडते. हवा उणे दहाच्या खाली गेली की बुटाखाली बर्फ करकरतो, कारण तो वितळून सरकत नाही, स्फटिक मोडतात. बाहेरचं तापमान केवळ या आवाजावरून सांगणारी माणसं इथे भेटतील.

रात्री दिवे मालवून खिडकीशी उभ्या राहा. ताजा बर्फ पडलेल्या उजेडातला ऐंशी ते नव्वद टक्के परत फेकतो. आभाळात खालपर्यंत उतरलेले ढग तो पुन्हा खाली पाठवतात. त्यामुळे शहरात बर्फाची रात्र निरभ्र रात्रीपेक्षा कितीतरी उजळ असते. डिसेंबरअखेर जिथे दिवस नऊ तासांचाही नसतो, तिथे हा उजेड मोलाचा आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर दिवस साडेदहा तासांच्या आसपास पोचतो हेही लक्षात असू द्या. बर्फ डिसेंबरसारखाच दिसतो, पण दिवस तो राहिलेला नसतो.

डाउनटाउनमध्ये ऑफिस असेल तर स्कायवेबद्दल एक बोलते. काचेच्या त्या पुलांमधून मैलोन्‌मैल कोट न घालता फिरता येतं. सोय मोठी आहे, पण त्यात सगळा हिवाळा काढला तर त्याची फक्त गैरसोय तुमच्या वाट्याला येते. गाडी काढताना, पार्किंगमधून धावताना, दार उघडताना भेटतो तोच बर्फ तुमच्या ओळखीचा होतो. जेवणाच्या सुट्टीत बाहेर वीस मिनिटं चाला.

बर्फाखाली काय चाललंय याचाही विचार करा. सहा-आठ इंचांचा भुसभुशीत थर साठला की वर उणे पंचवीस असलं तरी जमिनीलगतचं तापमान शून्याच्या जवळपास राहतं. त्या फटीत उंदीर, चिचुंद्र्या हिवाळाभर बोगदे करून राहतात. उत्तरेकडच्या जंगलात ‘रफ्ड ग्राउस’ नावाचा कोंबडीच्या कुळातला पक्षी रात्रीच्या उबेसाठी चक्क बर्फात बुडी मारतो. आणि तुम्ही ऑक्टोबरमध्ये ट्युलिपचे कंद पुरले असतील, तर त्यांच्यावरचं पांघरूण हेच. इथले बागवाले उघड्या जमिनीवरच्या कडाक्याला जास्त घाबरतात, बर्फाला नाही.

शेजारीण का हसते, याचं एक कारण अगदी अलीकडचं आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात या शहरावर ९० इंचांहून जास्त बर्फ पडला. सरासरी ५१ इंचांच्या आसपास आहे, तेव्हा लोक खरंच थकले. पुढचा २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सगळ्यात उबदार ठरला. तळी नीट गोठली नाहीत, जमीन तपकिरीच राहिली. त्या फेब्रुवारीत मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगचा विश्वचषक टप्पा होता आणि तयारी कृत्रिम बर्फावर चालली होती. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी बर्फ पडला. शहराला जो आनंद झाला तो दुष्काळानंतरच्या पावसाचा होता. ज्यांनी बर्फाविना हिवाळा पाहिला, त्यांना दोन इंचांची किंमत कळली. इथला हिवाळा गेल्या काही दशकांत इतर ऋतूंपेक्षा वेगाने उबदार होतो आहे. हा हलका बर्फ कायमचा गृहीत धरण्यासारखा राहिलेला नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवते. बर्फ आवडत नाही आणि मन काळवंडलंय, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दर हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, झोप वाढली असेल, गोड-पिष्टमय खाण्याची ओढ लागली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली या ऋतूबद्ध नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणं हा त्यावरचा मान्य उपचार आहे, पण तो डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. माझी मोजपट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता आई. त्यांना जरूर बाहेर न्या, त्या नाशिकहून येताहेत आणि असा बर्फ त्यांनी पाहिलेला नसेल. हलक्या बर्फाचा एकच खरा धोका आहे: तो खालचा जुना बर्फ झाकतो आणि माणूस निर्धास्त पाय टाकतो. बुटांवर चढवायचे खिळे असलेले रबरी पट्टे इथे सहज मिळतात, ते घ्या आणि घरातच एकदा घालून चालून पाहू द्या. बोटं सुटी असणाऱ्या हातमोज्यांपेक्षा मिटन घाला, बोटं एकत्र असली की उबदार राहतात. सुती मोजे नकोत, लोकरीचे हवेत, सुती ओले झाले की पाय गार पडतात. दम्याचा त्रास असेल तर नाकातोंडावर मफलर, म्हणजे आत जाणारी हवा थोडी कोमट होते. फावड्याला त्यांना हात लावू देऊ नका, थंडीत अचानक जोर केल्याने हृदयावर ताण येतो. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरे, पोर्चमध्ये खुर्ची आणि मांडीवर शाल असेल तर अर्धा तास. फेल्टचा पुठ्ठा त्यांच्या हातात द्या आणि भिंग नातवाच्या. कण कुठला आहे हे तो त्यांना सांगेल, आणि त्यांनी ‘हा कसा झाला?’ विचारलं तर तुम्हाला उत्तर आता ठाऊक आहे.